रंजनासाठी कॉलेज बघताना

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकावरून दोन पोरांची जुंपली की रंजना त्यांना मुख्याध्यापकांकडे पाठवत नसे. टेबलाच्या दोन बाजूंना उभं करून म्हणायची, "आता तू ह्याच्या बाजूनं बोलायचं, आणि तू त्याच्या. स्वतःच्या बाजूनं बोललास की केस हरलास." ज्याने पान फाडलं त्याने, ज्याच्या हातातलं फाटलं त्याची बाजू मांडायची. पोरं आधी खिदळायची, मग अडखळायची, आणि कधीकधी दुसऱ्याची बाजू मांडता मांडता एखादं खरंच रडायला लागायचं. निकाल मात्र ठरलेला असे. दोघांनी मिळून पान चिकटवायचं, डिंक शाळेचा.

ग्रंथालय आणि आमची स्टाफरूम यांच्यामध्ये फक्त कपाटांची एक रांग आहे. पलीकडे तिचं कोर्ट भरलं की इकडे मी वह्या तपासायचं थांबवून ऐकत बसायची. मी कर्जतच्या या शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवते. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे आहे ते मी कुणाला सांगत बसले नाही. रंजनाबद्दल लिहिताना ते येईलच.

रंजना पळसदरीला दिलेली, माहेर खालापूर तालुक्यातलं. बारावीनंतर लग्न झालं, दोन मुलं झाली, मग तिने घरी राहून बी.ए. केलं, ग्रंथालयाचा कोर्स केला आणि आमच्याकडे लागली. अंगाने बेताची, पण चालायची अशी की समोरचा आपोआप बाजूला होई. विनोद सांगायला लागली की शेवट यायच्या आधीच स्वतः हसत सुटायची, त्यामुळे तिचे बरेचसे विनोद आम्हाला अजून पूर्ण माहीत नाहीत. डबे दोन आणायची. एक तिचा आणि दुसरा "कुणाचा तरी". तो रोज कुणाचा तरी व्हायचाच. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असलं की माझा व्हायचा.

"मी काय म्हणते बाई, विचारून तर बघू," हे तिचं पालुपद. बँकेतलं पेन दोरीने का बांधलंय, हे तिने थेट मॅनेजरला विचारलं होतं. एसटीचा थांबा झाडाखालून उचलून उन्हात का नेला, हे कंट्रोलरला. उत्तर मिळो न मिळो, विचारून झालं की तिचा चेहरा जेवण झाल्यासारखा दिसायचा. मला रिक्षावाल्याला 'जरा हळू' म्हणायलाही धीर होत नाही.

वकिलीचं तिच्या डोक्यात कसं शिरलं, ते ती सगळ्यांना रंगवून सांगायची. सासऱ्यांच्या जमिनीची एक पट्टी रस्त्यात गेली होती आणि मोबदल्याचं प्रकरण कोर्टात पडून होतं. सासरे वारले, प्रकरण राहिलं. दर तारखेला रंजना सासूला घेऊन जायची आणि दर तारखेला यांचे वकील दुसऱ्याच कुठल्या तरी कोर्टात असायचे. एकदा पुकारा झाला आणि वकिलांचा पत्ता नाही. रंजना उभी राहिली. "साहेब, आमचं म्हणणं मी सांगू का?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण वकील आहात?"

घाबरली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "नाय साहेब. सून हाय."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले म्हणे, पण तिला बोलू दिलं. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बाहेर आल्यावर सासू म्हणाली, "रंजे, तुलाच त्यो काला कोट घेऊन टाकू आपन. त्या बाबाची वाट बगून माज्या गुडघ्यांचा भुगा झाला."

ही सासू म्हणजे आये. घरातले तिला आये म्हणत, म्हणून आम्ही शाळेतलेही आये म्हणू लागलो. तिने शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नव्हतं, पण एकदा बोलली की बोलली. त्या दिवसापासून काळा कोट घ्यायचा हे पळसदरीच्या त्या घरात म्हैस घ्यायची ठरावी तसं ठरून गेलं. रंजना चाळिशीला टेकलेली, मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. पहाटे मायलेक एकाच गजराने उठायचे, तो त्याची गणितं घेऊन आणि ही सीईटीचं पुस्तक घेऊन. नवरा संतोष शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. तो चहा करून दोघांच्या मध्ये ठेवायचा आणि गाडी धुवायला जायचा.

सीईटी झाली आणि कॉलेज निवडायची वेळ आली. यादीत पुष्कळ नावं होती, पण संसार सांभाळून जमतील अशी दोनच. एक कल्याणकडचं जुनं. वर्ग सकाळचे, हजेरी कडक. पहाटेची गाडी पकडावी लागणार, पण आमची शाळा दुपारची, म्हणजे ओढूनताणून जमलं असतं. दुसरं खालापूर तालुक्यातल्या शिळफाट्याच्या पुढे नवीन निघालेलं, घरापासून जवळ, हजेरीचं फारसं कुणी विचारत नाही अशी ख्याती असलेलं.

त्याच दिवसांत एकदा डबा खाताना तिने मला विचारलं, "बाई, तुमचं बी.ए. आणि बी.एड. यांच्यामधलं एक वर्ष कुठं गेलं हो?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. लग्नानंतर एक वर्ष मी त्याच कल्याणकडच्या कॉलेजात वकिली शिकत होते. चांगल्या मार्कांनी पास झाले. मग मुलगी झाली आणि परत जाणं झालं नाही. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी काहीच म्हटलं नव्हतं. पुस्तकं माळ्यावर टाकली त्या दिवशीही कुणी काही म्हटलं नाही.

रंजनाने घास खाली ठेवला. "अगंबाई! म्हणजे तुम्ही अर्ध्या वकील की!" आणि लगेच, "मग आमच्यासोबत तुम्हीच चला कॉलेज बघायला. आये म्हणतेच आहे, माहितीचं माणूस पाहिजे मध्ये."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. मला वाटलं होतं रंजना आणि मी. भिसेगावात माझ्या दारात व्हॅन उभी राहिली, तर पुढे आये, नवी नऊवारी नेसून, मांडीवर नारळाची पिशवी. मागे दोन्ही मुलं. संतोषने इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी आत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हे सगळे स्थळ बघायला निघालेत. रंजनासाठी कॉलेज नावाचं घर बघायचं होतं, आणि मी मध्यस्थ होते.

शिळफाट्याच्या कॉलेजात काचेची दारं होती. ऑफिसातल्या माणसाने सगळ्यांना बसवलं, थंड आणलं, मुलांची नावं विचारली. "हजेरीची काळजी करू नका मॅडम, आपण बघून घेऊ."

बाहेर आल्यावर आयेने तोंड वाकडं केलं. "लयच गोड बोलतोय. पोरात खोड असली का बाप असाच गोड बोलतो."

मग कल्याणकडचं. आयेने आधी आत पाऊलच टाकलं नाही. समोरच्या चहावाल्याकडे गेली. "काय रं बाबा, कशी मानसं हायत हितली?"

"लय कडक आहेत मावशी. हजेरी नाय तर परीक्षेला बसू देत नाय."

"कडक व्हय?" आये खूश झाली. "बरं हाय. कडक घरात पोर वाया जात नाय."

मग शिपायाला गाठलं. पाणी पिण्याचं कुठे, बायकांचं बाथरूम कुठे, जिने किती, आमच्या रंजीएवढ्या बाया हायत का. शिपाई म्हणाला, "आजी, रिटायर झालेले आजोबा पण होते आमच्याकडं." आये म्हणाली, "पास झालं का?" तो म्हणाला, "झाले की." तेव्हा कुठे ती वर चढली.

सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते. एक उघडा सापडला. आयेने पहिल्या रांगेतला बाक बघितला, पदराने पुसला आणि म्हणाली, "बस गं रंजे. बसून बग. तीन वर्सं बसायचं हाय, पाट दुखंल का बग."

रंजना बसली. मुलगा तिच्या शेजारी बसला. धाकटीने फळ्यावर खडूच्या तुकड्याने 'माझी आई वकील' असं लिहिलं आणि संतोषने त्याचा फोटो काढला. मी दारात उभी होते. त्याच मजल्यावर, बहुधा त्याच वर्गात, मी एक वर्ष बसले होते. पहिल्या दिवशी एकटी आले होते आणि शेवटच्या दिवशी एकटी गेले होते. माझा बाक कुणी पुसला नव्हता, आणि कुणी पुसावा असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. आता आलं.

"बाई, तुम्ही पण बसा ना," रंजना म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "पाय मोकळे करते."

संध्याकाळी पळसदरीला त्यांच्या पडवीत चहा झाला. सगळ्यांचं मन कल्याणकडच्या कॉलेजावर बसलं होतं. रंजना तर पहाटे कुणी काय करायचं याची वाटणीसुद्धा करून मोकळी झाली होती. आयेने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "बाई, तू तितं शिकलीस. आमाला काय कलतंय? आता तू सांग. तुजा शबुद आखरी."

मी खाली हातातल्या कपाकडे बघितलं. मग म्हटलं, "तसं ठीक आहे. पण चौकशी करा नीट."

एवढंच. बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण आमच्याकडे स्थळाच्या बाबतीत मध्यस्थाने खाली बघून 'चौकशी करा नीट' म्हटलं की ते स्थळ संपलं. पुढचं कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगणाऱ्याची अडचण होते, म्हणून ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं असतं. मी इथेच वाढले. नात्यातली दोन स्थळं मी स्वतः या वाक्याने थांबवली आहेत, तेव्हा सबळ कारणं होती. त्या संध्याकाळी काहीही कारण नव्हतं. ते कॉलेज चांगलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष तिथे गेलं होतं.

आयेचा चेहरा बदलला. तिने संतोषकडे पाहिलं, संतोषने कप गोळा केले. आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारत आलेली रंजना काहीतरी विचारायला लागली, तर आयेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे गं. बाईंना नको इचारूस."

फॉर्मवर पहिल्या पसंतीला शिळफाट्याचं कॉलेज भरलं, आणि तेच लागलं. प्रवेश झाल्यावर आये आणि रंजना माझ्या घरी आल्या. नारळ, खण आणि पेढे. आयेने माझ्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाली, "तुज्या एका शबुदानं वाचलो, बाई. परक्याच्या पोरीसाठी कोन एवडं बोलतंय?" मी पदर पसरला आणि घेतलं.

त्या कॉलेजात रंजना रोज जायची. बाकीचे जात नसत. वर्गात कधी तिघं, कधी ती एकटी. शिकवणारे सर तरुण होते, स्वतःची वकिली सांभाळून यायचे, म्हणजे बहुतेक वेळा यायचे नाहीत. रंजना त्यांना फोन करायची. "सर, मी काय म्हणते, येताय का आज? मी बसलेय." एकदा ते संकोचून आले आणि तिच्या एकटीपुढे तासभर कराराचा कायदा शिकवला. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासाठी डबा नेला. हे सगळं ती मला हसत सांगायची आणि मी ऐकायची. घरी गेल्यावर मला जेवण जात नसे, हे खरं. पण ते पश्चात्तापाने जात नसे असं मी म्हणणार नाही. तिथेसुद्धा, त्या ओस वर्गातसुद्धा, ती खूश होती, हे मला सोसत नव्हतं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. चार विषयांत केटी. रंजना त्या दिवशी ग्रंथालयात कपाटाकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, चाळिशीचं डोकं. गंज चढलाय. पोराला सांगत होते अभ्यास कसा करायचा, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आतून मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. तिचंही वर्ष आता माझ्या त्या वर्षासारखं होणार, माळ्यावर जाणार, आणि मग आम्ही दोघी सारख्या होऊ, असं वाटलं.

सासूने सगळा दोष स्वतःवर घेतला. रंजीला म्हशींचं करावं लागतं, म्हणून नापास झाली. एवढ्या गुडघेदुखीत तिने शेणगोठा स्वतःकडे घेतला. मुलगी भाकऱ्या थापायला शिकली. तरी रंजनाचं मन उतरलं ते उतरलंच. एके दिवशी शाळेत ती सहज बोलावं तशी म्हणाली, "सोडते म्हणतेय, बाई. घरातल्यांना किती वेठीला धरायचं? माझी कुवतच नाय, ते कळलं."

आदल्या आठवड्यात हेच ऐकायला मी आतुर होते. आता ते नको होतं. तिची कुवत किती आहे ते पळसदरीत आणि कर्जतमध्ये मिळून माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तर सगळं घडलं होतं.

रविवारी मी तिच्या घरी गेले. पडवीत दोघी सासूसुना बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी बसले आणि लगेच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

"रंजना, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. कॉलेज चुकलं. ते माझ्यामुळे चुकलं."

"तुमच्यामुळं कसं?"

"त्या कल्याणकडच्या कॉलेजात वाईट काहीच नव्हतं. मी मुद्दाम तसं म्हटलं."

आयेचा हात थांबला. "मुद्दाम? तू म्हनलीस ना, चौकशी करा."

"हो."

"मंग काय व्हतं तितं?"

"काही नव्हतं, आये."

"काय नव्हतं तर असं कुनी बोलतं का गं? पोरींची जमलेली मोडतात अशानं!"

"मला हेवा वाटला."

"रंजीचा?"

"तुमचा," मी म्हटलं. "तुम्ही तिच्यासाठी बाक पुसलात."

आयेने आपल्या वालाने ओल्या झालेल्या हातांकडे पाहिलं. "बाक धुलीचा व्हता म्हनून पुसला," ती म्हणाली. "त्यात काय हाय हेवा करन्यासारकं?"

रंजनाने मान वर केली नव्हती. ती एकेक वाल चिमटीत धरून सोलत होती, टोपलीत टाकत होती. तशीच सोलता सोलता म्हणाली, "बाई, तुम्ही निघा आता." आवाज चढलेला नव्हता. मी उभी राहिले. आयेने नेहमीसारखं 'चहा घेऊन जा' म्हटलं नाही.

तिने कॉलेज सोडलं नाही. त्या वर्षीचे अडकलेले विषय सोडवले आणि दुसऱ्या वर्षाला कल्याणकडच्या कॉलेजात बदली मागितली. होते की नाही, कुठे अर्ज करायचा, जागा आहे का, हे तिने दहा जणांना विचारलं असणार. मला विचारलं नाही. बदली मिळाल्याचं मला संतोषच्या व्हॅनमधून येणाऱ्या एका मुलीकडून कळलं. शाळेत ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पुस्तक हवं असलं तर काढून देते, नमस्कार करते. आधी 'बाई' म्हणायची, आता 'मॅडम' म्हणते. दुसरा डबा अजून येतो.

गेल्या पावसाळ्यात डोळे तपासायला मला कल्याणकडे जायचं होतं. सकाळी लवकर निघाले. दवाखाना उघडायला अवकाश होता, पाय आपोआप त्या कॉलेजाकडे वळले. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभी राहिले.

मी स्वतःला सांगत आले होते, आयेलाही तेच सांगितलं होतं, की मला तिच्या सासूचा हेवा वाटला. त्या पुसलेल्या बाकाचा, व्हॅनमध्ये बसून आलेल्या माणसांचा. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूने रंजना येताना दिसली. बरोबर घरचं कुणी नव्हतं. पावसाने पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक. तिच्यापुढे कॉलेजच्या दोन मुली पळत होत्या. त्यांतली एक ओरडली, "ताई, चला ना! सर दार लावून घेतात!"

"अगं, चप्पल तुटली!" रंजनाने वाकून दोन्ही चपला काढल्या, एका हातात धरल्या आणि अनवाणी पळत फाटकातून आत गेली. जिन्याच्या वळणावर तिची ओली टाच दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

सासूबिसू काही नाही. ती आत जात होती, याचाच मला हेवा होता. तेव्हाही होता, आणि पावसात उभी होते तेव्हाही तसाच होता.

मी केव्हा रस्ता ओलांडून फाटकाशी आले ते मला कळलं नाही. वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय, ताई?"

"कुणाला नाही."

"मग जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "पोरं यायची आहेत अजून."

मी बाजूला झाले.